जुने पत्ते

माझ्या मुलाने माझे पत्ते रद्दीत टाकले, त्याला आता सात महिने झाले. राग अजून गेलेला नाही. जाईल हळूहळू, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मुलगा आणि सून. तिसरं माणूस घरात नाही.

पत्ते म्हणजे रमी खेळायचे बावन्न पत्ते नव्हेत. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातल्या खेळाडूंची चित्रं जाड कागदावर छापतात, मागे त्या खेळाडूची माहिती आणि एक नंबर असतो, आणि असे पाच-दहा एका पाकिटात घालून विकतात. मुलगा त्यांना कार्ड्स म्हणतो. मी पत्ते म्हणते, कारण हातात धरले की पत्त्यांसारखेच लागतात आणि तसेच पिसताही येतात. मी पत्ते म्हटलं की तो दरवेळी म्हणायचा, "आई, कार्ड्स." मी मान हलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा पत्तेच म्हणायचे.

मुलगा आधी दोन वर्षं अमेरिकेत होता, तिथे त्याला हा नाद लागला. मग जर्मनीत गेर्लिंगेनला नोकरी लागली, लग्न झालं, आणि हे गेल्यावर त्याने मलाही इथे आणलं. इथे आल्यावरही त्याची पाकिटं येतच राहिली. शनिवारी सकाळी चहा झाला की तो जेवणाच्या टेबलावर बसून ती फोडायचा. नावाजलेल्या खेळाडूंचे पत्ते काढून प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घालायचा आणि बाकीचे तसेच टेबलावर ठेवून उठायचा. "ते कॉमन आहेत आई, टाकून दे."

मी ते टाकायला म्हणूनच उचलले होते. पण एक हातात घेतला आणि तिथेच खुर्चीवर बसले.

चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि वडिलांनी मला सांगलीत एका छापखान्यात नेऊन बसवलं. लग्न होईपर्यंत मी तिथेच होते. उदबत्तीच्या पुड्यांची वेष्टनं, देवांची चित्रं, कॅलेंडरं. तेव्हा एकेक रंग वेगळा छापायचे. पिवळा आधी, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. मध्ये कागद केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा लाल हनुवटीवर यायचा. असे सरकलेले कागद गठ्ठ्यातून वेगळे काढायचे हे माझं काम. दिवसभर तेच. बोलावं लागायचं नाही, म्हणून मला ते काम आवडायचं. माणसांसमोर माझी जीभ उचलत नाही, ती तेव्हाही उचलत नव्हती.

तो पत्ता पाहिला आणि मला वाटलं, हे त्याच काळातलं काम आहे. पिवळट खरखरीत कागद, चपटे रंग, चित्राला लाकडाच्या चौकटीसारखी कड, अक्षरं जाड आणि गोल. मी मुलाला विचारलं, हे किती जुने आहेत? तो हसला. म्हणाला, याच वर्षीचे आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पत्ते जसे निघायचे त्याच नमुन्यावर आता पुन्हा काढतात, खेळाडू फक्त आजचे. लोकांना जुनं आवडतं म्हणून.

मग मी नीट पाहिलं. खरंच, चौकट जुनी आणि आत आजची पोरं. कुणाच्या दंडावर गोंदलेलं, कुणाची दाढी टोकदार कापलेली. मला गंमत वाटली. एखाद्याने आजोबांचा कोट घालून फोटो काढावा तसं.

मी ते टाकले नाहीत. बुटांच्या दोन खोक्यांत नंबराप्रमाणे लावायला लागले. मुलगा चकचकीत नव्या नमुन्याचे पत्तेही आणायचा, ते मला आवडत नव्हते, पण टाकवेनात. म्हणून एका खोक्यावर मी काळ्या पेनाने मोठं लिहिलं, "जुने पत्ते", आणि दुसऱ्यावर, "नवे पत्ते". बऱ्याच वर्षांत मी कशावर तरी काही लिहिलं असेल तर एवढंच.

जुन्या खोक्यातले लावताना एकदा मला दिसलं की एकाच नंबराच्या दोन पत्त्यांवर संघाचं नाव वेगळ्या रंगात आहे. एकावर निळं, एकावर हिरवं. मला वाटलं छपाईत चूक झाली. मुलाला दाखवलं तर तो खुर्चीवरून उठलाच. अशी चूक ते मुद्दाम करतात म्हणे, हजारांत एखाद्या पत्त्यावर, आणि लोकांना ती दिसत नाही. त्याने तो हिरवा पत्ता माझ्या हातातून घेतला आणि अल्बममध्ये घातला. मी काही बोलले नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांत मी असे सहा शोधले. सहाही अल्बममध्ये गेले. एकदा मी कणीक मळत होते आणि तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "मला अजून एक मिळालं रे, बारीक नजर लागते." मी मळत राहिले. माझं गप्प बसणं माणसांना होकार वाटतो, हे मला आधीच कळायला हवं होतं.

आमच्या घरापासून दोन थांब्यांवर महिन्यातून एकदा जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथे एक जर्मन बाई टेबल मांडते, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिचा नवरा तरुणपणी इथल्या छावणीतल्या अमेरिकन सोल्जरांबरोबर बेसबॉल खेळायचा. तो वारल्यावर त्याचे पत्ते ती विकते. त्यात खरोखर जुने, कोपरे झिजलेले पत्ते आहेत, आणि माझ्याकडच्यासारखे नवीन-जुनेही आहेत, कारण नवरा शेवटपर्यंत घेत होता. पहिल्यांदा सून मला घेऊन गेली. दुसऱ्यांदा मी एकटी गेले. पिशवीतून मी माझे डबल झालेले काढले आणि टेबलावर ठेवले. तिने एकेक उचलला. "हाब इश," म्हणजे आहे माझ्याकडे. "हाब इश निश्ट," म्हणजे नाही. बस, एवढ्या दोन वाक्यांवर आमचा व्यवहार चालला. तिच्याकडे नसलेला मी द्यायचा, माझ्याकडे नसलेला तिने.

ती नंबर सांगायला लागली तेव्हा एक मजा झाली. जर्मन लोक चौऱ्याऐंशी म्हणताना आधी चार म्हणतात, मग ऐंशी. सून त्यात अजून अडखळते, तिचे आकडे इंग्रजीत पाठ झालेले. मला काही कठीणच गेलं नाही. आपण तरी काय म्हणतो, चौऱ्याऐंशी, आधी चारच. फक्त त्यांच्यात एकोण नाही, एकोणनव्वदला ते नऊ आणि ऐंशी म्हणतात. ती बाई नंबर म्हणायची आणि मी पटकन पत्ता काढून द्यायचे. एकदा ती सुनेला म्हणाली, तुझ्या सासूचं जर्मन तुझ्यापेक्षा चांगलं आहे. सून हसली, पण मला घरी जाईपर्यंत आनंद पुरला.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या जुन्या खोक्यात पूर्ण संचाला सव्वीस पत्ते कमी होते. कोणते सव्वीस, ते मला पाठ होते.

तेव्हाच घर बदलायचं ठरलं. गेर्लिंगेनमध्येच, तीन गल्ल्या पलीकडे, जरा मोठी जागा. आवराआवरीत स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. सून याद्या करत होती, प्रत्येक खोक्यावर खोलीचं नाव चिकटवत होती, तिचं काम नेटकं असतं. मी माझी दोन्ही खोकी चिकटपट्टीने बंद करून माझ्या पलंगाखाली ठेवली. वाटलं, वर लिहिलेलं आहेच.

नव्या घरी दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी माझं सामान लावायला घेतलं. साड्या आल्या, देव आले, खोकी नव्हती. शोधता शोधता "नवे पत्ते" हे खोकं सापडलं. कुठे, तर मुलाच्या खोलीत, पासपोर्ट आणि घराच्या करारनाम्याच्या फायलींशेजारी, कपाटात. सुनेने ते गाडीत स्वतःच्या मांडीवर ठेवून आणलं होतं. मी विचारलं, जुने कुठे आहेत?

सून म्हणाली, "आई, ते आल्टपापियरला दिले ना." आल्टपापियर म्हणजे रद्दी कागद. आदल्या दिवशी मुलगा गाडी भरून नगरपालिकेच्या कचऱ्याच्या आवारात गेला होता, त्यात ते खोकं गेलं.

मला कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुनेने खोक्यावरचं वाचलं आणि तिला वाटलं, जुने पत्ते म्हणजे जुने ॲड्रेस. या लोकांनी इथे आल्यापासून तीन घरं बदलली. प्रत्येक घराच्या नोंदणीचे कागद, जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं, पाकिटं, यांचा नुसता ढीग होता. तिने मुलाला विचारलंही होतं, की जुने पत्ते ठेवायचे का? तो फोनमध्ये होता. म्हणाला, जुने पत्ते कशाला हवेत आता, टाक. आणि नवे पत्ते महत्त्वाचे, म्हणून ते मांडीवर.

सुनेला मी दोष दिला नाही. ती माझ्याशी पत्त्यांबद्दल कधी फार बोललेली नव्हती. पण मुलगा समोर उभा होता.

तो म्हणाला, "अगं, पत्ते लिहिलं होतंस. मला ॲड्रेस वाटले."

मी म्हणाले, "मी त्यांना काय म्हणते?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "कार्ड्स."

दोन वर्षांत मी एकदाही कार्ड्स म्हटलं नव्हतं. त्याने माझा शब्द इतक्या वेळा दुरुस्त केला की स्वतःच्या डोक्यातून तो पुसून टाकला. मी बोलत होते आणि त्याला स्वतःचंच ऐकू येत होतं. खोकं गेलं ते गेलं, पण हे कळलं तेव्हा माझ्या कानशिलात जाळ झाला.

मी म्हणाले, चल, घेऊन येऊ. तो म्हणाला, आज रविवार, बंद असतं, बुधवारी उघडतं, आणि तोवर काही राहत नाही, तिथे दाबतात ते. आणि मग म्हणाला, "आई, ते सगळे कॉमन होते गं."

बुधवारी सून अर्धी रजा काढून माझ्याबरोबर आली, हे सांगायला हवं. नारिंगी अंगरख्यातल्या माणसाने आम्हाला मोठ्या लोखंडी पेटीपाशी नेलं. आत एक जाड पाटी पुढे येऊन कागद दाबत मागे ढकलत होती. तिथे काही शोधणं शक्य नव्हतं, मला दिसत होतं. माणूस चांगला होता. त्याने सुनेला विचारलं, महत्त्वाचे कागद होते का? सून म्हणाली, "नाइन, नुअर कार्टन." नुअर म्हणजे फक्त, नुसते. एवढं जर्मन मला येतं. नाही, नुसते पत्ते. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.

बाजाराच्या शनिवारी मी रिकाम्या हाताने गेले. जाणार नव्हते, पण ती बाई वाट पाहील असं वाटलं. तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं. मला काय सांगावं सुचेना. मी म्हणाले, "आल्टपापियर." तिला एका शब्दात कळलं. तिचा चेहरा लाल झाला आणि तिने एक शब्द उच्चारला, मोठ्याने, शेजारचा टेबलवाला वळून बघेपर्यंत. घरी येऊन मी तो सुनेला विचारला. ती म्हणाली, आई, हा तुम्ही कुठे बोलू नका. मला बरं वाटलं. त्या आठवड्यात माझ्या बाजूने बोललेला तो एकच शब्द.

पुढे पंधरा दिवसांनी नवं घर दाखवायला मुलाने ऑफिसातल्या मित्रांना जेवायला बोलावलं. सगळे पुण्याकडचे, बायका-पोरांसह. मी मसालेभात आणि कढी केली होती. मी पंगतीत बसत नाही, स्वयंपाकघरातूनच बरं. तिथून सगळं ऐकू येतं.

मुलाने जुन्या पत्त्यांची गोष्ट सांगायला घेतली. रंगवून सांगितली, नवे पत्ते मांडीवर घेतले तेही सांगितलं. खरं तर गोष्ट हसण्यासारखी आहे, मला दुसऱ्या कुणाची कळली असती तर मीही हसले असते. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काकूंच्या पत्त्यांचा पत्ताच लागला नाही." पुन्हा हशा. मग एका मित्राने विचारलं, "पण कार्ड्सचं कलेक्शन तुझं ना?"

मुलगा म्हणाला, "माझंच रे. आई उरलेली लावून ठेवायची. तिचा वेळ जायचा."

माझ्या हातात कढीचं पातेलं होतं. मी ते घेऊन दारात आले. आयुष्यात मी कधी दहा माणसांसमोर बोललेले नाही. लग्नात नाव घेतानाही पुटपुटले होते.

मी म्हणाले, "लावून ठेवत नव्हते. जमवत होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड बंद होईना. "तुझ्या अल्बमातले ते हिरव्या अक्षरांचे सहा कुणी शोधले, ते सांग यांना."

तो म्हणाला, "आई, आपण नंतर बोलू."

"नंतर नको."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आईने शोधले."

तो मित्र म्हणाला, काकू, खरंच? दाखवा ना कसे ओळखता. पण मला पुढे बोलवेना. पातेलं टेबलावर ठेवताना कढी सांडली, सुनेने पटकन फडका आणला, आणि मी आत गेले.

पाहुणे गेल्यावर मुलगा माझ्या खोलीत आला. सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती, असं त्याचं म्हणणं. मी म्हणाले, सगळ्यांसमोर हसलास तेव्हा? आणि ते सहा मला दे. त्याने सांगितलं की पाकिटं त्याने आणली होती, तेव्हा त्यातलं जे निघेल ते त्याचंच. मी म्हणाले, "उरलेलेही त्याच पाकिटांतले होते. ते मात्र मी टाकून द्यायचे." ते सहा पत्ते काही मिळाले नाहीत.

आठवड्याने पार्सल आलं. मुलाने ते माझ्या पलंगावर ठेवलं आणि उभा राहिला. त्याच जुन्या नमुन्याचा संपूर्ण संच, कारखान्यातूनच भरलेला, वरून प्लॅस्टिक.

"सगळे आहेत, आई. तुझे राहिलेलेसुद्धा. एकही कमी नाही."

त्याला मनापासून वाटत होतं की आता मिटलं. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी चांगले मार्क पडल्यावर यायचा तो भाव होता, आणि म्हणून मला जास्तच राग आला. एकही कमी नाही तर मी त्यांचं करू काय? बाजारात जाऊन त्या बाईसमोर काय मांडू? तिने नंबर म्हटला की मी कुठला शोधायचा? सगळ्यालाच हाब इश. हे मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, तुला नक्की काय हवंय तेच कळत नाही. नको असेल तर चौदा दिवसांत परत करता येतं, ठरव.

मी ठरवलं. सुनेला म्हणाले, परत पाठवायची चिठ्ठी छापून दे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, ऑफिसातून छापून आणली आणि खोक्यावर चिकटवूनही दिली. मी ते उचलून एकटी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले, तिथेच पोस्टाचा काउंटर आहे. तिथल्या मुलीने खोकं उलटसुलट करत हसून विचारलं, "कापूट?" म्हणजे मोडलंय का. मी म्हणाले, "नाइन." तिने अजून काहीतरी विचारलं, ते कळलं नाही. मी म्हणाले, "निश्ट माइन." माझं नाही. तिने मान डोलावली, शिक्का मारला आणि पावती दिली.

मुलाला दोन दिवसांनी कळलं. तो चिडला नाही, थकल्यासारखा सोफ्यावर बसला. म्हणाला, तुझ्यासाठी काही करायला गेलं तरी तू अशी. मी काही बोलले नाही. पण या वेळचं गप्प बसणं होकाराचं नव्हतं, आणि ते त्याला कळलं असावं, कारण तो उठून गेला.

पाकिटं अजून येतात. तो शनिवारी टेबलावर फोडतो, हवे ते घेतो आणि बाकीचे तिथेच ठेवतो, जुन्याच जागी, माझ्या खुर्चीसमोर. संच परत गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी ते संध्याकाळपर्यंत तसेच पडून होते. मी त्यांच्याभोवतीचं टेबल पुसलं, त्यांना हात लावला नाही. वरचा लाकडी कडेचा होता, एवढं मला चष्म्याशिवायही दिसलं. रविवारी जेवायला बसताना त्याने ते एका बाजूला सरकवले. सोमवारी ऑफिसला निघताना त्याने ते उचलले, थोडा वेळ हातात धरून उभा राहिला, आणि मला म्हणाला, "आई, हे पत्ते."

दोन वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना पत्ते म्हणाला. मी गवार मोडत होते.

"तुझे आहेत," मी म्हणाले. "तुला काय करायचं ते कर."

तो ते घेऊन खाली गेला. खाली रद्दीचा डबा असतो, तिथे त्याने काय केलं ते मी पाहिलं नाही. खिडकीतून दिसलं असतं, पण मी उठले नाही.